राखून ठेवलेला भाग

एक भाग बघायचा राहिलाय, अशी आठवण माझा फोन मला अधूनमधून करून देतो. बँकेचे मेसेज, जेवण मागवायच्या अ‍ॅपची लाडीगोडी, ऑफिसच्या मीटिंगची घंटा, या सगळ्यांच्या मधेच ती बारीकशी पाटी येते. पाटीवर समुद्रकाठच्या एका दीपगृहाचं चित्र असतं आणि त्याखाली एक लाल रेघ, जवळजवळ टोकाला पोचलेली. मी अंगठ्याने ती पाटी बाजूला सारते. वर्षभर हे सवयीचं असतं. पण दसरा उलटला, पुण्याच्या सकाळी जरा कोरड्या झाल्या, की अंगठा अडखळतो.

कारण तेव्हा मला ठाऊक असतं, की जव्हारकडे, साखरशेतच्या माळावर, खुरासणी फुलून पिवळी झाली असेल. खाचरांतलं पाणी आटून भात वाकलं असेल. कुणीतरी खळ्याची जागा धोपटून, शेणाने सारवून उन्हाला सोडली असेल, आणि ओल्या सारवणावरून एखादं कुत्रं चालत गेल्यामुळे त्याच्या नावाने शिव्या सुरू झाल्या असतील.

अशा आठवणीच्या पाट्या पाठवायचा कोड मीही कधीतरी लिहिला आहे. माझं कामच ते. एखादा माणूस काहीतरी अर्धवट सोडून गेला तर त्याला परत कसं आणायचं, यावर आमच्याकडे फार गांभीर्याने बोललं जातं. पाटीचा रंग कोणता, वेळ कोणती, शब्द किती. माणसाने ते मुद्दाम अर्धवट ठेवलं असेल, ही शक्यता त्या चर्चेत कुणी मांडत नाही. मीही मांडलेली नाही. मी मीटिंगमध्ये फारशी बोलत नाही.

*

सगळ्यांनी घरी बसून काम करायचं, असं ठरलेल्या काळातली ही गोष्ट. मी पुण्याची खोली सोडून जव्हारला आले. घर म्हणायला माझं, पण पाचवीपासून मी नाशिकला वसतिगृहात, इंग्रजी शाळेत. जव्हार मला सुट्ट्यांपुरतं माहीत होतं. बाजारात बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याच्या मागे उतारावर आमचं घर. उतारावर असल्यामुळे पावसाळ्यात गारवा छान, रेंज मात्र शून्य. खिडकीच्या गजाला फोन टेकवला तर दोन काड्या दिसायच्या आणि मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की नेमक्या त्याच वेळी जायच्या.

बाबा म्हणाले, "साखरशेतला चल. काशीच्या खळ्यावर फुल रेंज असते. मी बियाण्याच्या ऑर्डरी तिथूनच देतो."

काशीमावशी आणि तिचा नवरा बाबांच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं. त्यांचं खळं माळाच्या टोकाला उंचावर होतं, आणि शेजारी राखणीचा माळा. चार खांबांवर फळ्या, वर गवताचं छप्पर. रात्री रानडुकरं हाकायला त्यावर बसायचं, दिवसा तो रिकामा. बाबांनी मला स्कूटरवरून तिथे सोडलं आणि मी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून सरळ खळ्यावरून माळ्याकडे चालू लागले.

"ओ ताई! चपला!"

झोडणी करणाऱ्या बायका थांबल्या होत्या. ओरडली ती माझ्याच वयाची होती, डोक्याला फडकं बांधलेली, हातात भाताचा भारा.

"खळ्यावर चपला नाय घालत," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणत, "तुला म्हायीत नसंल. काढ आणि जा वर. शिडीची तिसरी पायरी मोडकी हाय, तिच्यावर पाय नको देऊ."

ती मंजी. काशीमावशीची मुलगी. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. घरात ती सगळी आपली बोली बोलत, माझ्याशी मराठी. मंजीचं मराठी शाळेतल्या पुस्तकासारखं सुरू व्हायचं आणि दोन वाक्यांत घरच्या वळणावर जायचं. माझं मराठीही असंच कुठून तरी सुरू होऊन कुठे तरी जायचं, फक्त माझं इंग्रजीत जायचं. त्यामुळे आम्हा दोघींनाही बोलताना मधे थांबावं लागे. मला वाटतं, आमची मैत्री त्या थांबण्यात झाली.

*

माळ्यावर बसून मी काम केलं तसं पुन्हा कुठे केलं नाही. खाली भारे फळीवर आपटत. धप्प, धप्प, मग दाणे सांडल्याचा सळसळाट. वाऱ्याने भाताचं टोचरं कूस वर यायचं आणि कीबोर्डच्या फटीत जाऊन बसायचं. आजही तो जुना लॅपटॉप उलटा केला तर त्यातून काहीतरी पडेल, अशी मला आशा आहे.

रोज सकाळची मीटिंग असे. आमचा मॅनेजर बंगळुरूहून विचारायचा, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? ठोकल्याचा आवाज येतोय." बाकीचे हसायचे. मला सांगता आलं असतं, की हे बांधकाम नाही, भात झोडतायत. पण भाताला इंग्रजीत शेतातला शब्द वेगळा, ताटातला वेगळा. मी त्यातला योग्य शब्द मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मी म्यूटचं बटण दाबायची. आमच्या धंद्यात त्या बटणाइतकं आधाराचं दुसरं काही नाही.

माळ्याच्या खांबाला मंजीचा फोन लटकलेला असायचा. काच तडकलेली, कडेने रबर लावलेलं, वर प्लास्टिकची पिशवी. रेंज वरच असल्यामुळे फोन दिवसभर तिथे टांगून ठेवायचा अशी पद्धत होती. वारा आला की पिशवी फिरे, आणि फिरता फिरता फोनला एकदम जाग येऊन साठलेले मेसेज टिंगटिंग करत उतरत. खालून कुणीतरी ओरडे, "मंजे, तुझा आला!" कामावर दूर गेलेल्या कुणीतरी मुलासाठी, बायकोसाठी आवाजात पाठवलेला तो निरोप असे. मंजी तो सगळ्यांना ऐकवे. त्या खळ्यावर खासगी काहीच नव्हतं, आणि खोलीच्या दारालासुद्धा आतून दोन कड्या लावून घेतलेल्या मला त्याचं फार नवल वाटे.

*

दुपारी मी डबा खाता खाता मालिका बघायची. कोरियन, आठवड्याला दोन भाग येणारी. त्या मालिकेवर मी ब्लॉग लिहीत होते. इंग्रजीतून, टोपणनावाने. घरात कुणाला माहीत नव्हतं. कधी एखाद्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल, कधी जुन्या व्हिडिओ गेमबद्दल, बहुतेक वेळा मालिकांबद्दल. वाचणारे मोजकेच. पण आठवडाभरात मी तोंडाने जेवढं बोलायची त्यापेक्षा जास्त तिथे लिहायची.

मंजी फोन बघायला वर आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"ही का रडते?"

मी कानातलं काढलं. "तिचा मित्र बोटीवर चाललाय. कामाला."

"मग ही कठं ऱ्हाते? ह्या उंच घरात?"

"दीपगृह आहे ते. रात्री बोटींना दिवा दाखवायचा. तिचे वडील करायचे, आता ती करते."

मंजीने खाली वाकून हाक मारली, "आये, वर बघ! हिच्या टीव्हीत एक पोरगी हाय, ती दिव्याची राखण करते!"

दिव्याची राखण. माझ्या ब्लॉगच्या कुठल्याही लेखात मला इतकं नेमकं सुचलं नव्हतं.

"मग सांग की आम्हाला," काशीमावशी खालून म्हणाली. "वर बसून एकटीच बघतीस व्हय? ये खाली."

मी खाली गेले. बायका नागलीची म्हणजे नाचणीची भाकर आणि लसणाची चटणी घेऊन सावलीला बसल्या होत्या. मी सांगायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यांत अडकले, कारण समोर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि म्यूटचं बटण नव्हतं. काशीमावशी म्हणाली, "हं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भाकर मोडत होती. "हं," ती परत म्हणाली. "बोटीत बसला. मग?"

तो 'हं' मला नंतर रोज मिळाला. गोष्ट सांगणाऱ्याने एक वाक्य पुढे टाकायचं, ऐकणाऱ्याने 'हं' म्हणून ते उचलून घ्यायचं. 'हं' आला नाही तर थांबायचं, कुणाला तरी कळलेलं नाही किंवा कुणाला तरी वाईट वाटलंय. आमच्या मीटिंगमध्ये माझं बोलणं संपलं की पलीकडे नुसती शांतता असते. आवाज पोचला की नाही, हे विचारावं लागतं. ब्लॉगवर लोक अंगठा दाखवतात, पण तो सगळं संपल्यावर. वाक्याच्या मधे, पाय अधांतरी असताना खाली हात धरणारा तो 'हं' मला त्याआधी कुणी दिला नव्हता. नंतरही दुसऱ्या कुणी नाही.

*

कोरियन नावं दुसऱ्याच दिवशी निकालात निघाली. बोटीवर गेलेला मुलगा गोविंद झाला. दीपगृहातली मुलगी चंपी. आणि किनाऱ्यावरच्या तरुणांना भुलवून दूरच्या कारखान्यात नेणारा, उंची कोट घालणारा एक माणूस होता. मालिकेत तो मोठा उद्योगपती. काशीमावशीने त्याचं वर्णन ऐकलं आणि हात झटकून म्हणाली, "मुकादम हाय तो. मला नको सांगू. कोट घातला म्हणून काय झालं?"

तेव्हापासून तो मुकादम.

त्यांचे प्रश्न मालिका लिहिणाऱ्यांनी ऐकायला हवे होते. चंपी एवढी रात्रभर जागते, मग सकाळी पाणी कोण भरतं? गोविंदाच्या म्हातारीकडे कोण बघतं? तो मुकादम याला सणाला तरी सोडतो का? एकदा मी सांगितलं, की गोविंदाने वर्षभर चंपीला एकही पत्र पाठवलं नाही. ब्लॉगवर मी त्या भागावर कडक टीका केली होती: कथानक ताणलंय, प्रेम करणारा माणूस असा गप्प राहील का?

मंजी म्हणाली, "रेंज नसंल."

"अगं, तेव्हा मोबाइलच नव्हते."

"मग तेच म्हणते ना मी."

सगळ्या हसल्या. मग एक बाई, जिचा नवरा वसईकडे कामाला गेला होता, ती म्हणाली, "गप ऱ्हातो म्हंजे इसरला असं नसतं." आणि कुणीच 'हं' म्हटलं नाही. मीही पुढचं वाक्य टाकलं नाही. थोड्या वेळाने त्या उठून झोडायला लागल्या.

त्या आठवड्यात मी ब्लॉगवरची ती टीका काढून टाकली. त्याजागी रेंजबद्दल लिहिलं. नेहमीच्या एका वाचकाने, जो स्वतःचं नाव कधी सांगत नसे, खाली लिहिलं: तुमचं लिखाण हल्ली बदललंय, कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटतं.

*

मळणी संपली तसा खळ्याच्या मध्यावर भाताचा ढीग झाला. मापायच्या दिवशी बाबाही आले होते. काशीमावशीचा नवरा पूर्वेला तोंड करून बसला, धान्य मापायची पायली भरली, हाताने सपाट केली आणि पोत्यात ओतताना म्हणाला, "लाभ."

मग दुसरी. "दोन."

मी कडेला मंजीजवळ बसले होते. पुटपुटले, "एक नाही म्हणाले?"

"पयल्या मापाला एक नाय म्हणत. लाभ म्हणतात."

मला एकदम आपलं काहीतरी सांगावंसं वाटलं. "आम्हीपण एकपासून मोजत नाही. कॉम्प्युटरमध्ये पहिल्याला शून्य म्हणतात."

मंजीने तोंडावर हात दाबून हसू अडवलं. "शून्य? भरल्या पायलीला? म्हंजे एवढं राबायचं आणि पयलं माप घेताना म्हणायचं, कायच नाय?"

"तसं नाही गं, ती जागा असते..."

"शू!" काशीमावशीने डोळे वटारले. मोजताना बोलत नाहीत. मोजणाऱ्याला हाक मारायची नाही, मधेच कुणी आलं तर 'या' म्हणायचं नाही, किती झालं ते विचारायचं नाही. येणारा कडेला बसतो आणि ढीग संपेपर्यंत थांबतो. आम्ही दोघी गुडघ्यांत तोंड घालून हसत राहिलो. त्या दिवसापासून आजपर्यंत मी जेव्हा जेव्हा कोडमध्ये शून्य लिहिते, तेव्हा मनात काय म्हणते, हे माझ्या टीममध्ये कुणाला माहीत नाही.

मापून झाल्यावर एक मूठ उरली होती, न झोडलेल्या कणसांची. काशीमावशीने ती दोऱ्याने बांधली आणि घराच्या दारावर टांगली.

"ही नाय झोडायची," मंजी म्हणाली. "पुढल्या साली पेरायच्या बियात मिसळायची. सगळं झोडून टाकलं तं शेताला परत यायला काय ऱ्हायलं?"

*

मालिकेचा शेवटचा भाग ज्या दिवशी येणार होता, त्याच दिवशी सकाळी टेम्पो आला. खऱ्या मुकादमाच्या अंगात कोट नव्हता. बुशशर्ट, कानाला फोन, घाईत. भांडी, गोधड्या, एक कोंबडी, दोन शेजारची कुटुंबं. मंजी आणि तिचे वडील भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघाले होते; काशीमावशी नागली काढून मागून जाणार होती. मला हे माहीत होतं. दरवर्षी जातात, हे मला बाबांनी सांगितलं होतं. पण माहीत असणं आणि टेम्पोचं मागचं फळकुट वर चढताना बघणं यात फरक आहे.

मी खळ्याच्या कडेला लॅपटॉपची बॅग घेऊन उभी होते. मंजी वर बसून म्हणाली, "गोविंद आला का गं परत?"

"अजून बघितला नाही. आज दुपारी येईल तो भाग."

"मग नको बघू." टेम्पो सुरू झाला होता, ती ओरडून बोलत होती. "ठेव! मी आल्यावर सांग. मधे बघितलास तं तुझ्या तोंडावरून कळंल मला!"

मी मान हलवली. मला बरंच काही म्हणायचं होतं. माझ्या तोंडावरून सगळं कळतं असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडावरून काहीच कळत नाही, अशीच माझी ख्याती आहे. पण टेम्पो वळणावर गेला आणि खांबावर मंजीचा फोन नव्हता, नुसता दोरा हलत होता.

पुढच्याच महिन्यात कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं.

*

आमच्या पिढीला शेवट राखून ठेवणं जमत नाही, कारण आम्ही बनवलेल्या यंत्रांना ते जमत नाही. एक भाग संपायच्या आत कोपऱ्यात पुढच्याचे आकडे उलटे मोजायला लागतात. ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी त्या दीपगृहाच्या मालिकेचा विषय काढतं, "शेवटी तो..." असं म्हणतं, आणि मी कप तसाच ठेवून उठते. लोकांना वाटतं मी तुटक आहे. एकदा एक मैत्रीण बसमध्ये शेवट सांगायच्या बेतात होती, तेव्हा मी चक्क कानांवर हात ठेवले. ती हसली. मी नाही हसले.

ब्लॉग तेव्हापासून थांबला. शेवटच्या भागाचं शीर्षक लिहून ठेवलंय, खाली पान कोरं. तो नाव न सांगणारा वाचक अजून कधीतरी विचारतो: शेवटच्या भागाबद्दल लिहिणार होता ना? मी उत्तर देत नाही. गप्प राहणं म्हणजे विसरणं नव्हे, हे त्याला कुठल्या इंग्रजीत सांगायचं?

मंजीचा नंबर पहिल्या वर्षी लागला, एकदाच. पाठीमागे ट्रकचा आवाज, ती म्हणत होती, "ऐकू येत नाय! बघितला नाय ना?" मी म्हटलं, "नाही!" ती म्हणाली, "काय?" आणि लाइन गेली. मग नंबर बंद. पुढे बाबांनी फोनवर सहज सांगितलं, "अगं, काशीच्या मुलीचं लग्न झालं. वांगणीला दिली." वांगणी म्हणजे वावर गावाच्याही पुढे, जिथे रस्ता कसाबसा जातो आणि रेंज जातच नाही.

माझ्या फोनमध्ये तिचं नाव अजून 'मंजी खळं' असंच आहे. फोन बदलला की नावं आपोआप नव्या फोनमध्ये येतात, बंद पडलेले नंबरही. कुठलीही यंत्रणा विचारत नाही, की हे माणूस अजून तिथे आहे का.

*

यंदा दिवाळीला घरी गेले तेव्हा मी बाबांची स्कूटर मागून घेतली. साखरशेतचं खळं आटोपलेलं होतं. सारवण फुटून भेगा पडल्या होत्या, माळ्याच्या शिडीची मोडकी पायरी कुणीतरी बदलली होती. मी चपला काढूनच आत गेले. दारावर यंदाची मूठ टांगलेली होती, अजून हिरवट पिवळी.

"कोण गं?" काशीमावशी ओटीवर कंदमुळं सोलत होती. मग ओळख पटली. "चंपीवाली! ये, बस. केवढी वाळलीस. पुण्यात खायला देत नाय का?"

तिने त्यातलेच उकडलेले करांदे पुढे केले. मी मंजीचं विचारलं. नवरा कामाला बाहेर, सासरा थकलेला. भात मापायलाही यंदा तीच बसणार. त्यांची कापणी मागे पडली, माणसं कमी. "नायतर आली असती ती."

मग काशीमावशी एकदम हसायला लागली. "तुझी ती गोष्ट भट्टीवर जाम चालली हां. मंजी रोज सांगायची. कामावरून आल्यावर आख्ख्या बायका जमायच्या, परक्या गावच्यासुद्धा. रोज थोडी थोडी."

मी हातातला करांदा खाली ठेवला. "आणि शेवट?"

"शेवट केला की तिनं."

"तिला माहीत नव्हता."

"तिला नव्हता म्हायीत, पर बायका काय सोडतात? त्या गावाला जायला निघाल्या, आता सांगच म्हणाल्या. परत कुठल्या कुठं पांगणार, मग कधी सांगणार? मग तिनं केला." करांद्याचं साल काढत ती म्हणाली, "झ्याक केला."

आधी कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. मी एवढी वर्षं कानांवर हात ठेवून जपलेली गोष्ट एका भट्टीवर कधीच संपली होती, आणि ती ऐकून बायका आपापल्या गावी गेल्या होत्या. मग हळूहळू दुसरं काहीतरी वाटू लागलं. मंजी तिथे धुळीत बसून, माझ्यासारखीच वाक्यं पुढे टाकत असणार, आणि कुणीतरी 'हं' म्हणत असणार.

"काय केला शेवट?" मी विचारलं. "गोविंद येतो परत?"

"तिच्याच तोंडून ऐक. मला नाय जमत तिच्यासारखं." मग माझ्याकडे बारकाईने बघत ती म्हणाली, "आणि खरा काय हाय?"

"मी बघितला नाही."

"म्हंजे?"

"ती म्हणाली होती ठेव म्हणून."

काशीमावशीने 'हं' म्हटलं नाही. सुरी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठली, दारावरची मूठ सोडवली, त्यातली अर्धी कणसं वेगळी करून दोऱ्याने बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वांगणीला जा," ती म्हणाली. "ही तिला दे. माझी म्हणून सांग. तिच्या शेताला लागंल."

*

बाबा म्हणाले, "वांगणीला? एकटी? आणि कशाला?" मी म्हटलं, "मंजीला भेटायला." कुणाला तरी भेटायला जायचंय असं मी आजवर म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "जीप वावरच्या पुढे थोडी जाते. नंतर चालावं लागेल. टोपी घे."

निघण्याआधी खिडकीच्या गजाला फोन टेकवून मी मालिकेचा तो शेवटचा भाग त्यात उतरवून घेतला. हळूहळू भरत जाणारं वर्तुळ बघत बसले. मग फोन आणि कणसं एकाच पिशवीत ठेवली.

जीपमध्ये दोन बायका, एक म्हातारा, तांदळाचं एक पोतं. वळणावळणाला फोनच्या काड्या कमी होत गेल्या. एरवी शेवटची काडी गेली की मला हात कापल्यासारखं होतं. त्या दिवशी ती गेली तेव्हा मी फोन पिशवीत खाली सरकवला. आता निदान परत येईपर्यंत कुणी मला आठवण करून देणार नव्हतं. पुढे पायवाट होती. वाळत चाललेलं गवत, तुरीची फुलं, कुठे तरी लांब भात झोडल्याचा धप्प, धप्प. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी काय म्हणायचं? ओळखलंस का? माझा शेवट आधी की तुझा? तिने नुसती मान हलवून घरात बस म्हटलं आणि आपल्या कामाला लागली तर? मूल असेल कडेवर, सासू असेल, कामं असतील. एका हंगामापुरती मैत्रीण किती दिवस मैत्रीण असते? मी दोनदा थांबले. दोनदा मागे वळून पाहिलं. मग झोडल्याचा आवाज बंद झाला.

घर विचारावं लागलं नाही. खळं दिसलं. लहानसंच. मध्यावर भाताचा ढीग, भोवती दोन-चार माणसं कडेला बसलेली. आणि ढिगापुढे पूर्वेला तोंड करून मंजी. डोक्याला तसंच फडकं. तिने पायली ढिगात खुपसली, भरली, तळहाताने सपाट केली.

तेवढ्यात तिने वर पाहिलं.

तिचा हात हवेत थांबला. भरलेल्या पायलीतून चार दाणे खाली सांडले. तिचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता हाक येईल. पण ती मापायला बसली होती. तिने ओठ घट्ट मिटले, डोळे मात्र आवरेनात. मग माझ्याकडेच बघत तिने पायली पोत्यात ओतली आणि म्हणाली, "लाभ."

तिने हनुवटीनेच खळ्याची कड दाखवली. मी चपला काढल्या आणि तिथे जाऊन बसले, कणसांची पिशवी मांडीवर घेऊन. ढीग बराच होता. मला घाई नव्हती.